बाकीची कामं

पाहणी करणाऱ्या मुलीने तळ्याकाठच्या बाकावर दहा बटणं ओतली आणि दोन वाट्या पुढे सरकवल्या.

“काका, आज घरून निघालात ते कशाकशासाठी, तेवढं वाटून दाखवा. ही वाटी पक्षी बघण्याची, ही बाकीच्या कामांची. पक्ष्यांच्या वाट्याला येईल तेवढाच प्रवासखर्च तळ्याच्या नावावर धरायचा. तळं बुजवायचं म्हणतायत ना, म्हणून त्याची किंमत काढतोय.”

“आमच्या तिकिटावरून किंमत? आधी सांगायचं, टॅक्सी करून आलो असतो!”

मुलगी हसली. शेजारी बसलेल्या काकूंना हसू आलं नाही.

लेकीने मनासारखं लग्न केलं, त्या दिवशी काकांनी तिचं नाव टाकलं होतं. मग काकूंनीच त्यांना दुर्बीण घेऊन दिली, पक्ष्यांचा नाद लावला. दर महिन्याला दोघं बसने इथे येत. काकांनी दुर्बीण डोळ्यांना लावली, की काकू “जरा पाय मोकळे करते” म्हणून मागच्या गल्लीत लेकीला भेटून येत. हे निमित्त गेलं, तर लेकही गेली.

काकांनी तीन बटणं पक्ष्यांच्या वाटीत टाकली. उरलेली सात दुसरीत.

काकू वाट्यांकडे वाकल्या. “अहो, चुकलात. पक्ष्यांची ती वाटी.”

“कळलंय मला.”

“बाकीचं काम काय लिहू?” मुलीने विचारलं.

“लेकीकडे जाणं.”

“दर खेपेला जाता?”

“ही जाते. मी इथे बसतो.”

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. यांना कधीपासून ठाऊक? रागावलेत म्हणावं, तर आवाज नेहमीचाच. शिवाय, बसची तिकिटं आठवडा आधी काढून ठेवणारे तर हेच.

मुलीची पेन्सिल अडली. “मग ही सात काकूंची झाली ना? मी तुमची विचारतेय.”

काकांनी एक बटण उचललं, बोटांत फिरवलं, पुन्हा त्याच वाटीत ठेवलं.

“माझीच आहेत.”

“पण तुम्ही तर जात नाही!”

काकांनी दुर्बीण गळ्यातून काढून तिचा पट्टा नीट गुंडाळला आणि ते बाकाला धरून उठले.

“जिना आहे का गं तिच्याकडे? माझे गुडघे धरलेत.”

काकू आधी “आहे” म्हणाल्या, मग “नाही” म्हणाल्या. इतक्यांदा जाऊनही लेकीचं घर कितव्या मजल्यावर आहे, तेच त्यांना आठवेना.