चव्वेचाळीस सेंटिमीटर

कॉफीच्या यंत्राने शेवटचं पाणी घुटकन ओढलं. हेल्काने दोन कप भरले. योर्मा टेबलाशी मोज्यांनिशी बसला होता. उजव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक पडलं होतं आणि तो पाय त्याने डाव्याखाली दडवला होता.

"दोन वाजता रेकॉर्डिंग आहे," तो म्हणाला. "आवाज द्यायला रेइनो बसने निघालाय. एकाहत्तर वर्षांचा माणूस. त्याच्या हातात काय देऊ?"

"लिहिलंय ते दे."

"ते वाचलं, म्हणून तर बूट काढून तुझ्या घरात बसलोय."

'खालचं पाणी' या व्हिडिओ गेमचा हा तिसरा आणि शेवटचा भाग. योर्मा कंपनीतर्फे तो गेम काढणारा, हेल्का त्याची गोष्ट लिहिणारी. सात वर्षं लिहीत होती. मिंतू पोटात होती तेव्हाही, आणि आता मिंतू झोपली की उरेल तेवढ्या वेळात. गेमचा नायक ताउनो, गोठलेल्या तळ्यावरून जाणारा हिवाळी रस्ता राखणारा. त्याने रस्ता उघडला आणि शाळेची गाडी सहा मुलांसकट बर्फाखाली गेली. तेव्हापासून तो बर्फाला भोक पाडून खाली उतरायचा. मुलं खालून ठोकायची. खेळणाऱ्याने ठोक्याला ठोका द्यायचा आणि अंधारात त्या आवाजामागे जायचं. दोन भागांत चौघांना माती मिळाली होती. आता उरलेली दोघं वर येणार होती, आणि मग ताउनो सहाही मुलांच्या आयांसमोर उभा राहून एकच वाक्य बोलणार होता: बर्फ मीच मोजला होता.

कंपनीला ते नको होतं. तळ्यातल्या कुठल्याशा प्राचीन शक्तीने बर्फ फोडला, ताउनो निर्दोष, असं पान त्यांनी मागितलं होतं.

"लोक दमलेत," योर्मा म्हणाला. "चारशे जणांना खेळायला दिलं. बहुतेकांनी लिहिलंय, बिचाऱ्याला सोडा आता."

"तू तळ्याकाठचा ना? बर्फ कसा मोजतात?"

"परीक्षा घेतेस?"

"सांग तर."

"भोक पाडायचं. मोजपट्टी घालायची. आकडा बघायचा."

"आणि?"

योर्माने कप बशीत जरासा फिरवला. "आणि वरचा पांढरा, भुसभुशीत बर्फ निम्मा धरायचा. पक्का फक्त खालचा काळा."

"कधी शिकलास?"

"सात वर्षांचा असेन. आजोबांनी कान धरून शिकवलं."

"पहिल्या भागात, अगदी पहिल्या दृश्यात, मोजपट्टीवर किती दिसतात?"

"चव्वेचाळीस."

"त्यातला चोवीस पांढरा. धर निम्मा."

योर्माचे ओठ हलले. "बत्तीस."

"गाडीला किती लागतो?"

"चाळीस." तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "माहितीये मला, हेल्का."

"त्यालाही माहीत होतं. दरवर्षी सगळ्यांआधी रस्ता त्याचाच उघडायचा. त्या सकाळी पलीकडच्या काठावरच्या राखणदाराने आपल्या रस्त्याचं फाटक उघडायला घेतलेलं त्याने पाहिलं, आणि पांढरा पुरता धरला. एवढंच. आता ते भुतावर ढकलायचं? सहा आया समोर उभ्या आणि हा म्हणणार, मी नव्हे, तळ्याने केलं?"

"किती छळशील त्याला?"

"कुणी छळत नाही. तो आपल्या पायांनी जातो. ही चूक त्याच्याकडून काढून घेतलीस तर उरतं काय? एक गारठलेला माणूस आणि एक भोक."

योर्माने नकळत मोज्याकडे पाहिलं. दोघांनाही हसू आलं, पण ते टिकलं नाही.

"आई, खाजतंय," बाहेरच्या सोफ्यावरून मिंतू ओरडली. पाच वर्षांच्या तिच्या अंगावर कांजिण्या फुलल्या होत्या. हेल्का उठली, पाठीवर औषध लावून, नखं कापलेली छोटी बोटं पांघरुणात घालून परत आली. औषधाने तिची स्वतःची बोटं पांढरी झाली होती.

"कंपनीचा दुसरा लेखक आहे ना, किम्मो, तो अर्ध्या तासात लिहून देईल," योर्मा हळू म्हणाला.

"देऊ दे. हेलसिंकीचा आहे तो. त्याने बर्फ ग्लासातच बघितलाय."

"मी नोकरीचं बोलतोय. वरचे लोक ऐकायचे नाहीत. घरात लहान मूल, पगार तुझा एकटीचा."

"माझं नाव काढून टाक मग."

"तुझं नाव शेवटी मुंगीएवढ्या अक्षरांत येतं. कोण वाचतं?"

"मी वाचते."

तिने पान त्याच्यापुढे सरकवलं. कडेला औषधाचा पांढरा ठसा उमटला. "घाबरत नाही असं नाही, योर्मा. काल भाड्याच्या घरांच्या जाहिरातीसुद्धा बघून ठेवल्या, याहून लहान. पण दुसरं पान मी लिहिणार नाही."

योर्माने पान पुन्हा वाचलं. मग तेच वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं, रेइनो म्हणेल तसं, सावकाश. पान दुमडून त्याने आतल्या खिशात ठेवलं.

"सांगतो त्यांना, दुसरं पान पोरीने रंगवून टाकलं."

"थाप नको मारूस. लिहिलं नाही म्हणून सांग."

"तुझ्यापेक्षा तुझा ताउनो बरा," तो दाराशी बूट चढवत म्हणाला. "तो एकच वाक्य बोलतो."

दार लागलं. जिन्यावर त्याची पावलं खाली खाली गेली. टेबलाची कड धरलेली बोटं हेल्काने एकेक करून सोडवली.

मिंतू पांघरूण ओढत दारात येऊन उभी होती, चेहराभर पांढरे ठिपके.

"तो काका रागावला?"

"थोडासा."

"ताउनोची चूक नाही, असं म्हणत होता."

"हो. पण होती. आपली चूक आपण सांगायची असते ना?" हेल्काने तिला मांडीवर घेतलं. अंग अजून थोडं गरम होतं.

मिंतूने पांघरूण दोघींवर ओढलं.

"ती गोष्ट तू लिहितेस ना, आई? सगळी?"

"सगळी."

"मग तू बर्फ जाड का नाही लिहिलास?"