दार आपटल्यानंतरचं हसू

मी एक जुना डीव्हीडींचा संच आहे. म्हणजे चार चकत्या आणि त्यांना पोटाशी धरून बसलेला पुठ्ठ्याचा एक खोका. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखं काही कधी हातातही धरलं नसेल. तुमच्या मालिका हवेतून येतात आणि हवेतच जातात. आमच्या वेळी मालिकेला राहायला घर लागायचं. मी ‘किल्ली कुणाकडे?’ या मालिकेचं घर आहे, आणि तेही फक्त तिच्या दुसऱ्या भागाचं. पहिला भाग सगळ्यांच्या लाडाचा, तिसऱ्यात शेवट, त्यामुळे त्यालाही मान. मधल्या भावंडाचं घरोघरी जे होतं, तेच माझं झालं.

मालिका तशी साधी होती. एका इमारतीतली चार पोरं शाळा सुटली की वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या खोलीत जमायची. खोलीला किल्ली एकच आणि ती नेमकी भलत्याकडे असायची. मग भांडणं, रुसवे, परीक्षेची भीती, पहिलंवहिलं प्रेम, आणि शेवटी सगळे त्या दाराबाहेर जिन्यात बसलेले. समोर खरे प्रेक्षक बसवून तिचं चित्रण व्हायचं. त्यामुळे माझ्या पोटात जे हसू आहे ते खऱ्या माणसांचं आहे. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवणार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून माझ्या चकत्या झाल्या. मग त्यांच्या एका बाजूवर आरशासारखा मुलामा चढला. हातमोजे घातलेल्या एका बाईने चारही चकत्या अलगद कडेनं धरून खोक्यातल्या गोल खाचांत बसवल्या. प्रत्येक चकती ‘टक’ करून बसली. “ही माझ्या पोरीची आवडती,” ती शेजारणीला म्हणाली, आणि जाता जाता तिने माझ्या झाकणावरची नसलेली धूळ पुसली. एवढ्या हळुवार हातांनी नंतर मला कुणी फारसं धरलं नाही.

माझी उमेदीची वर्षं एका वाचनालयात गेली. तिथे माझ्यासाठी लोक नंबर लावत. शनिवारी मी एका घरी, सोमवारी दुसऱ्या. मी किती दिवाणखाने पाहिले! कुठे गादीवर आडवी पडलेली पोरं, कुठे इस्त्री करता करता बघणारे वडील, कुठे ‘मी बघत नाहीये’ असं म्हणत दारात उभी राहून अख्खा भाग संपवणारी काकू. कौतुक झालं तसे हालही झाले. कुणी माझ्यावर कप ठेवला, कुणी माझ्यात तोंड पाहून केस विंचरले. एका घरात माझी तिसरी चकती चार दिवस टेबलावर उघडी पडली होती. तिच्यावर कुणीतरी चष्मा ठेवला आणि कुणीतरी तो ओढला. ओरखडा उमटला. चष्म्याची मात्र तातडीने विचारपूस झाली.

पण मित्रांनो, ओरखड्यापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची लाज वाटायची.

त्याच तिसऱ्या चकतीवर एक गंभीर प्रसंग आहे. चौघांमधली मोठी मुलगी चिडते, “मी पुन्हा इथे येणार नाही” म्हणते आणि धाडकन दार आपटून निघून जाते. सगळीकडे शांतता होते. उरलेले तिघे खाली मान घालून बसतात. अशा वेळी मागून कुठूनतरी एक माणूस हसतो. आधी नाकातून, मग अगदी मोकळं, पोट धरून. बाकी एकही माणूस हसत नाही.

घरोघरी हा प्रसंग आला की लोक एकमेकांकडे बघत. “हा कोण वेडा?” असं मी किती घरांत ऐकलं असेल! एका गृहस्थांनी तर चकती खराब आहे म्हणून मला वाचनालयात परत केलं. माझ्या पोटात एक हसू होतं आणि ते कशावर आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. पाहुण्यांसमोर भलतंच बोलणाऱ्या नातलगासारखं मी ते वर्षानुवर्षं सांभाळत आलो.

मग दिवस पालटले. मला न्यायला कुणी येईना. वाचनालयाने कपाट रिकामं केलं आणि मी जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात येऊन पडलो. सगळ्यात खालच्या फळीवर, केरसुणीच्या उंचीला. वरच्या फळीवर माझ्याच मालिकेचा नवाकोरा संच आला. तिन्ही भाग एकत्र, सोनेरी अक्षरं, आणि कपाळावर ठळक छापलेलं: ‘नवी आवृत्ती, स्वच्छ आवाज’. मी मत्सरी नाही. पण त्याला एवढं चमकायची खरंच गरज नव्हती.

अशात एका दुपारी दोन बहिणी दुकानात आल्या. थोरली दवाखान्यात परिचारिका होती. अंगावर अजून कामाचेच कपडे होते. धाकटी कॉलेजात शिकणारी. त्यांची आई मागोमाग आली खरी, पण दारातच थांबली आणि पुस्तकांकडे पाहिल्यासारखं करत राहिली.

“काका, ‘किल्ली कुणाकडे?’ आहे का?” धाकटीने विचारलं.

दुकानदाराने नवा संच काढून दिला. मग वाकून, फुंकर मारून, मलाही वर घेतलं. “हाही आहे. पण नुसता दुसरा भाग. आणि खरं सांगतो, तिसरी चकती अडखळते.”

“मग प्रश्नच नाही,” थोरली म्हणाली. “घ्यायचाच तर पूर्ण आणि धड घे. आणि मुळात घ्यायचा कशाला? सगळी मालिका फोनवर आहे. घरी प्लेअर तरी आहे का आपल्याकडे? चकती घालणार कुठे, मिक्सरमध्ये?”

“फोनवर ते नाहीये, ताई.”

“काय नाहीये?”

धाकटीने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “बाबा.”

मी कान टवकारले. पुढचं सगळं त्या दोघींच्या हळू आवाजातल्या भांडणातून मला कळलं.

या मुलींचे वडील सुतार होते. मालिकेतली ती खोली, तो जिना, ते दार त्यांनी उभं केलं होतं. चित्रण चालू असताना कामगारांनी मागे गप्प उभं राहायचं, असा नियम होता. दार आपटण्याचा तो प्रसंग होता त्या दिवशी त्यांनी बायकोला आणि तान्ह्या थोरलीला बघायला बोलावलं होतं. आणि त्याच दिवशी, सगळे गप्प असताना, ते हसले. पुढे धाकटी पाळण्यात असतानाच ते गेले. त्यांचा आवाज म्हणून घरात काही उरलं नाही. टीव्हीवर मालिका पुन्हा लागली की आई मुलींना जवळ घेऊन बसायची आणि तो प्रसंग आला की म्हणायची, “ऐका आता. बघा, तुमचे बाबा हसले.” त्यांना विनोद उशिरा कळायचा, म्हणून सगळ्यांचं झाल्यावर हसायचे, असंही ती सांगायची. धाकटीलाही कुठलाही विनोद उशिरा कळतो. त्यावरून थोरली तिला ट्यूबलाइट म्हणते, बाबांवर गेलीस म्हणते, आणि धाकटीला ते मनातून आवडतं. वडिलांचं असं तिच्याकडे तेवढंच होतं.

गेल्या महिन्यात तिने मालिका फोनवर लावली. दार आपटलं, शांतता झाली, आणि पुढचं वाक्य सुरू झालं. हसू आलंच नाही. तिने पुन्हा लावलं, पुन्हा ऐकलं. मग ती आईला म्हणाली होती, “आई, तिथे कुणीच हसत नाही. तू आमच्यासाठी मनानेच काहीतरी बनवलंस का गं?” तेव्हापासून त्या घरात बाबांचा विषय निघाला नव्हता.

“मला तसं बोलायचं नव्हतं,” धाकटी म्हणाली. “पण मला आठवतच नाही, ताई. तुला तरी आठवतं का?”

“मला आईचं ‘ऐका आता’ आठवतं,” थोरली म्हणाली. “हसू आठवतं असं वाटतं. खरंच आठवतं का, ते नाही सांगता येत.”

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. आहे, माझ्याकडे आहे, ज्याची मी इतकी वर्षं लाज बाळगली तेच ते हसू! पण आमची जात मुकी. आम्हाला कुणीतरी लावावं लागतं.

दुकानदाराच्या गल्ल्याशेजारी एक जुना टीव्ही आणि प्लेअर होता. त्याने आधी नवा संच लावला. चित्र काचेसारखं लख्ख. दार आपटलं. त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही. स्वच्छ आवाज म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. दारातल्या आईने पुस्तक फळीवर ठेवलं आणि ती म्हणाली, “राहू दे गं. चला घरी. माझाच काहीतरी गोंधळ झाला असेल.”

“एकदा जुना बघू, आई. एकदाच.”

माझी तिसरी चकती आत गेली. प्रसंग सुरू झाला. मुलगी चिडली, दाराकडे वळली, आणि तिथेच चित्राचे चौकोन झाले. आवाज तुटला. ओरखडा! मी इतका घाबरलो की काय सांगू. जिथे जपायला हवं होतं, नेमकी तिथेच माझी जखम होती. आई एव्हाना दुकानाच्या पायरीवर पोचली होती.

दुकानदाराने चकती बाहेर काढली. कडेनं धरली, त्या कारखान्यातल्या बाईसारखी. चष्म्याचं मऊ फडकं घेऊन मधून कडेकडे सरळ पुसत गेला, गोल गोल नाही. उजेडात धरून पाहिली, तोंडाची वाफ दिली, पुन्हा पुसली. “शेवटचा प्रयत्न,” तो म्हणाला.

मुलगी चिडली. दाराकडे वळली. चित्र एकदा थरथरलं आणि सावरलं. धाडकन दार आपटलं. शांतता झाली.

आणि मग ते आलं. आधी नाकातून, मग मोकळं, पोट धरून.

आई पायरीवरून आत आली. टीव्हीसमोर उभी राहिली आणि तिने नुसता हात पुढे केला, जणू कुणी बोलायला लागू नये म्हणून. हसू संपलं तेव्हा ती स्टुलावर बसली. “हेच,” ती म्हणाली. “मला वाटायला लागलं होतं, की मीच... बरं झालं गं. बरं झालं.” धाकटी तिच्या गळ्यात पडली आणि रडली. थोरलीने दोघींच्या पाठीवर हात ठेवला आणि स्वतःचे डोळे दंडाला पुसले. माझा जीव भांड्यात पडला.

तुम्हाला वाटेल, गोष्ट संपली. मलाही वाटलं. पण धाकटी नाक पुसून म्हणाली, “काका, पुन्हा लावा ना. थोडं आधीपासून. ते हसले कशाला?”

आजवर त्या घरात हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. ते हसू यायचं म्हणून सगळे आधीपासून गप्प आणि आल्यावर सगळे हळवे. पडद्यावर काय चाललंय, हे कुणी बघितलंच नव्हतं.

दुकानदाराने पुन्हा लावलं. धाकटी पडद्याला नाक लावून बसली. “थांबवा,” ती म्हणाली. “हे बघ ताई, दार बघ. आपटल्यावर अख्खी चौकट हलतेय. वरची बिजागरी सुटायला आलीय. आता पडेल, आता पडेल... आणि नाही पडलं. तेव्हा हसलेत ते.”

आई स्टुलावरून उठून पडद्यावरच्या त्या थांबलेल्या दाराजवळ आली.

“आदल्या दिवशी तालमीत ते दार निखळून त्या मुलीच्या हातात आलं होतं,” ती थोरलीला म्हणाली. “दिग्दर्शकाने ह्यांना सगळ्यांसमोर सुनावलं होतं, उद्या पडलं तर परवा येऊ नकोस. सकाळी न खाताच गेले. मी तर तिथे तुला सांभाळत होते, तू रडत होतीस, माझं दाराकडे लक्षच नव्हतं. घरी आल्यावर विचारलं, सगळ्यांसमोर असे का हसलात? तर म्हणाले, भूक लागलीय, आधी वाढ. मग मीच सगळ्यांना सांगत सुटले, ह्यांना विनोद उशिरा कळतो. त्यांनीही कधी नाही म्हटलं नाही.”

“म्हणजे बाबा ट्यूबलाइट नव्हते,” थोरली म्हणाली.

“नव्हते. मीपण नाहीये,” धाकटी म्हणाली.

“तुझं अजून सिद्ध व्हायचंय.”

त्यावर तिघी हसल्या, आणि धाकटी खरंच सगळ्यांत शेवटी हसली.

मला घ्यायचं की नाही, यावर पुढे चर्चा झाली नाही. घेताना थोरलीनेच विचारलं, “काका, हा प्लेअरही विकणार का?” दुकानदाराने थोडे आढेवेढे घेतले आणि दिला. नवा संच फळीवर राहिला. त्यालाही कुणीतरी नेईल. दिसायला तो तसा बरा आहे.

आता मी त्यांच्या टीव्हीखालच्या कपाटात असतो. मित्रांनो, म्हाताऱ्याची एवढी विनंती ऐका. आमच्यासारख्यांना कडेनं धरा. काम झालं की आमच्या जागी ठेवा, वर चष्मा ठेवू नका. आणि जुनी गोष्ट नीटनेटकी करायला घ्याल तेव्हा तिच्यातला एखादा चुकार आवाज पुसण्याआधी तो कुणाचा आहे, हे एकदा विचारा. मीही आधी विचारलं नव्हतं.

रविवारी त्या तिघी मला लावतात. दार आपटतं आणि चौकट हलते. तिघी श्वास रोखून त्या बिजागरीकडे बघतात. दार पडत नाही. मग ते हसतात आणि त्यांच्याबरोबर या तिघीही हसतात. इतकी वर्षं तो माणूस तिथे एकटाच हसत होता.