एका गटात दोन बहार

मले आता त्या कम्प्युटरचं तोंडबी पाहावंसं वाटत नाही. मी दामिनी. अमरावतीच्या एका विमा कंपनीत बसून संत्र्याच्या बागांचे अर्ज भरते.

दोन वर्षांखाली पुण्याच्या पोरांनी आमच्या कंपनीले नवं सॉफ्टवेअर विकलं. कोणत्या सोयी तयार भेटतीन अन् कोणत्या आपल्यासाठी वेगळ्या बनवा लागतीन, याची बैठक झाली. मी एकच मागितली. शेंदूरजनाघाटचे लोक एकाच गट नंबरच्या शेतात अर्ध्या झाडांवर हिवाळ्यात आंबिया बहार धरतात, अर्ध्यांवर पावसाळ्यात मृग. तं एका गटाले दोन बहार लिहाची जागा द्या, म्हटलं. आमचे मॅनेजर विपुलसाहेब म्हणाले, "जे साऱ्या देशाले चालते, ते तुले काहून चालत नाही?" अन् त्याच बैठकीत स्वतःचा हसरा फोटो पहिल्या पडद्यावर टाकाले सांगितला. तो बरा वेगळा बनवून भेटला. थू असल्या कारभारावर.

शेंदूरजनाघाटचे वामनराव त्यांच्या बागेचा अर्ज भराले आले तवा मी 'मृग' दाबलं. दुसरं दाबताच येत नव्हतं.

"अन् माह्या आंबियाचं?" त्यांनी इचारलं.

"होते बरोबर, काका," म्हटलं मी. मागं रांग होती, दुसरं काही नाही.

मार्चात गारपीट झाली. आंबियाची बारकी फळं झाडाखाली सडली, वर्षाचं अर्धं पीक गेलं. वामनरावांनी भरपाई मागितली अन् कम्प्युटरनं दोन मिनिटांत नाकारली. या गटात आंबिया बहारच नाही म्हणे.

विपुलसाहेब चहात बिस्कीट बुडवून राहिले होते. "सिस्टिमच मानत नाही, काका. मी काय करू?"

"मंग सिस्टिमले बागेत आणा. झाडं दाखवतो," वामनराव म्हणाले.

साहेब हसले. मले इतकी किळस आली का मी उठली, वामनरावांले बाहेर नेलं अन् कागदावर लिहून देलं : यांनी दोन्ही बहार सांगितले होते. दोन्ही लिहाची जागा मी मागितली होती, ती देली नाही. खाली सही ठोकली. "ग्राहक मंचात द्या," म्हटलं.

त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. आभारबिभार काही नाही.

"देली नाही म्हणजे कोणं?"

मी परत आत जाले वळली. घरात माह्याच पगारावर चूल पेटते. ते तसेच उभे राहिले, अन् मले साहेबापेक्षा माहीच जास्त घाण वाटाले लागली. कागद परत घेतला अन् विपुलसाहेबाचं नाव आडनावासकट लिहिलं.