एक इंच जास्त

मित्रांनो, मी एक जुना शॉकअप आहे, आणि माझ्यामुळे एका माणसाच्या डाव्या पायाची बोटं बधिर झाली. खरं तर अशा वेळी आपल्या जन्मापासून सुरुवात करायची रीत आहे. पण मोठा गुन्हा पोटात ठेवून बालपणीच्या आठवणी सांगणं मला प्रशस्त वाटत नाही.

शॉकअप म्हणजे गाडीच्या चाकाजवळ उभी बसवलेली, तेलाने भरलेली नळी. तिच्यात एक दांडा वरखाली होतो. लोकांचा समज असा, की खड्ड्याचा धक्का आम्ही खातो. तसं नाही. धक्का खाते स्प्रिंग. पण एकदा उड्या मारायला लागली की ती थांबायचं नाव घेत नाही. तिला दंडाला धरून खाली बसवायचं, एवढंच आमचं काम. ते नीट झालं तर कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून आमचा सत्कार कधी होत नाही.

माझी नेमणूक एका व्हॅनच्या मागच्या डाव्या चाकावर झाली. उजव्या चाकावर माझा जुळा भाऊ होता. व्हॅन गणिताच्या एका मास्तरांची. त्यांचं घर डोंगरावर, आणि शेवटचे अकरा किलोमीटर रस्ता नव्हताच, नुसते धोंडे आणि मधे एक ओढा. म्हणून मास्तरांनी व्हॅन चार इंच उचलून घेतली होती. उंच झालेल्या गाडीला साधे शॉकअप पुरेनात, तेव्हा एका लहानशा कारखान्याने आम्हा दोघांना मापानुसार लांब घडवलं. आमच्या अंगावर ना नंबर, ना छाप. पुढे तो कारखानाही बंद पडला.

नऊ वर्षं आम्ही इमानाने काम केलं. भरलेला चहाचा कप हातात धरून मास्तरांच्या बायकोने एकदा ओढा पार केला, आणि एक थेंब सांडला नाही. मास्तर ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. सांगताना ते स्वतःच्या ड्रायव्हिंगची तारीफ करत.

मग मी गळायला लागलो. घरासमोरच्या फरशीवर तेलाचा डाग दिसू लागला. घरातल्यांनी त्याची ताबडतोब दखल घेतली. डागावर पुठ्ठा टाकला. पुठ्ठा भिजला की बदलत. आठ महिन्यांत पुठ्ठे सात झाले, माझ्याकडे वाकून कोणी पाहिलं नाही.

अशात अण्णांची पाठ धरली. अण्णा म्हणजे मास्तरांच्या बायकोचे, आपल्या बाईंचे, वडील; जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. त्यांना तपासायला याच व्हॅनमधून खाली नेलं आणि परत आणलं. मित्रांनो, त्या दिवशी माझ्यात तेल नव्हतंच. प्रत्येक धोंड्यावर स्प्रिंग मोकाट नाचली आणि मी नुसता बघत राहिलो. घरी उतरल्यावर अण्णा म्हणाले, "डाव्या पायाची बोटं कुठे राहिली रे माझी?" सगळे हसले. मग अण्णा हसत नाहीत असं दिसलं.

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, मणका सरकलाय, गुरुवारी सकाळी नऊला ऑपरेशन. "पण पुन्हा असेच हिसके बसले, तर दोन्ही पायांची खात्री मी देत नाही."

अँब्युलन्स डोंगर चढत नव्हती. डोलीतून न्यायचं तर ओढ्यातले दगड शेवाळलेले, एकाचा पाय घसरला की संपलं. राहिली व्हॅन, आणि तिच्याखाली आम्ही दोघे निकामी; माझ्यामागोमाग भाऊही गळला होता.

सोमवारी मास्तर बाजारात तीन दुकानं फिरले. दुकानदारांना मॉडेल आणि साल एवढंच कळतं. मास्तर सांगत, "गाडी चार इंच वर आहे." दुकानदार म्हणत, "मग खाली करा." तिसऱ्या दुकानात एकाने लांबच्या एका व्यापाऱ्याचा फोन नंबर दिला. तो व्यापारी शहाणा निघाला. "मॉडेल राहू द्या," तो म्हणाला, "दोन मापं सांगा. पूर्ण दाबलेला किती आणि पूर्ण ताणलेला किती. बुधवारी दुपारच्या बसने पाठवतो. पण माप तुमचं, जबाबदारी तुमची."

मास्तरांनी घरी येऊन गाडी जॅकवर घेतली. बाई शिवणकाम करतात, त्यांची टेप मशीनवरच पडलेली होती. मास्तरांनी मापं घेतली, दोनदा ताडून पाहिली आणि कळवली. गणिताचा माणूस, चूक कशी होणार.

बुधवारी दुपारी डोंगराच्या पायथ्याच्या गॅरेजात पार्सल उघडलं. मला आणि भावाला उतरवून खाली ठेवलं होतं. गॅरेजच्या मिस्त्रींनी नवा शॉकअप माझ्याशेजारी उभा धरला. तो माझ्याहून बोटभर उंच होता.

"मास्तर, हा एक इंच जास्त आहे."

"शक्य नाही. मी दोनदा मोजलं."

"मग दोनदा चुकलं. असा बसवला, तर चाक वर आलं की हा आतल्या आत ठोकणार. प्रत्येक खड्ड्याला हातोडा."

बाई मास्तरांकडे पाहत होत्या. "टेप कुठून धरलीत?"

"टोकापासून. टेप कुठून धरतात?"

"अहो, माझ्या टेपचा पहिला इंच फाटला म्हणून मी कधीच कापून टाकलाय. माझी टेप एकपासून सुरू होते."

"आणि तू ब्लाउज कसे शिवतेस?"

"मी एक वजा करते. मला वाटलं, तुम्हालाही वजाबाकी येते."

मास्तर उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसले. बदलून मागवायला शनिवार उजाडला असता. बाईंनी विचारलं, "मिस्त्री, कपडा लांब झाला तर मी तो आत दुमडते. याला काही दुमडता येत नाही का?"

"याला नाही येत," मिस्त्री म्हणाले, आणि वाकून चाकाच्या वर पाहू लागले. "पण चाकाला अडवता येईल."

चाक फार वर येऊ नये म्हणून गाडीच्या सांगाड्याला रबराचा ठोकळा असतो. मिस्त्रींनी ट्रकच्या जुन्या रबरातून एक-एक इंचाचे दोन तुकडे कापले आणि त्या ठोकळ्यांखाली पक्के बसवले. मापं या वेळी बाईंनी घेतली. "आता शॉकअप ठोकायच्या आधी रबर टेकेल," मिस्त्री म्हणाले. "पण चाकाला जागा कमी झाली. माणूस चालतो त्याहून जोरात नेलीत, तर माझं नाव सांगू नका."

गुरुवारी पहाटे अण्णांना गादीवर, फळीला बांधून मागे झोपवलं. मला घाईत कोणीतरी तिथेच कोपऱ्यात टाकलं होतं. नऊ वर्षांत मी पहिल्यांदा गाडीच्या आत बसत होतो. खाली माझ्या जागी दुसरा राबत होता, आणि मला काहीही करता येत नव्हतं.

"ब्रेकवरचा पाय काढ," अण्णा छताकडे बघत म्हणाले. "गिअरवर उतरव."

"अण्णा, तुम्ही बोलू नका," बाई म्हणाल्या.

"बोललो नाही तर हा मला मारेल."

ओढ्यापर्यंत दीड तास लागला. पुढची चाकं पलीकडे चढली. मग मागचं डावं चाक, माझं चाक, धोंड्यावर चढून खड्ड्यात उतरलं. गाडी वाकली. खालून एक जाड आवाज आला, रबर टेकल्याचा. मी वाट पाहिली की आता स्प्रिंग उसळेल. ती उसळली नाही. नव्या शॉकअपने तिला धरून ठेवलं होतं.

मास्तरांनी गाडी थांबवली. मागे वळून पाहायची त्यांची हिंमत होईना.

"अण्णा?" बाईंनी विचारलं.

"आहे."

"पाय?"

"उजवा माझाच आहे. डाव्याला विचारून सांगतो. तू चल रे पुढे, पाण्यात काय गाडी उभी करतोस?"

नऊला दहा मिनिटं कमी असताना ते पोचले.

मित्रांनो, परतीच्या वाटेवर मास्तरांनी मला मिस्त्रींकडे दिलं. भाऊ भंगारात गेला. मला मात्र मिस्त्रींनी खिळ्याला टांगलं, का ते त्यांनाच ठाऊक. आता मी रोज गाड्या येताना पाहतो. धुतलेल्या, चकचकीत, आरशाला फुलं लावलेल्या. त्यांच्या खाली कोणी वाकत नाही. तुमच्याही घरात माझ्यासारखं कोणीतरी असेल, जे काम करताना आवाज करत नाही आणि थकल्यावरही करत नाही. त्याला हार नको, सत्कार नको. महिन्यातून एकदा वाकून पाहा. आम्ही गळतो ते सांगण्यासाठीच गळतो, दुसरी भाषा आम्हाला येत नाही.

पाच महिन्यांनी अण्णा काठी टेकत गॅरेजात आले. एक पाऊल नीट पडत होतं, दुसरं जरा घासत होतं. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं आणि दांडा दाबला. तो सरळ आत गेला आणि तिथेच राहिला.

"हा तर केव्हाच गेला होता," ते म्हणाले.

"आठ महिने," मास्तर खाली बघून म्हणाले.

अण्णा मला रागावतील असं मला वाटलं. त्यांनी मला मांडीवर ठेवलं, डावी चप्पल काढली आणि उन्हाने तापलेल्या फरशीवर पाय टेकवला. बराच वेळ ते तसेच बसले.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"अंगठ्याला चटका कळतोय," अण्णा म्हणाले. "बाकी चौघांचं अजून ठरत नाही."