दुकानात दाखवायची गादी

मी एक जुनी गादी आहे, पण माझ्यावर आजवर कोणी रात्रभर झोपलेलं नाही. मी दुकानात फक्त दाखवायला ठेवलेली आहे, मित्रांनो.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या पोटात दाट फोम भरला, त्यावर कापसाचा जाड थर दिला, निळ्या पट्ट्यांचं कापड चढवलं. "हिच्यावर झोपेल तो नशीबवान," असं कडा शिवणाऱ्या मावशी म्हणाल्या. ते ऐकून मी फुगले. गादीला फुगायला काय लागतं!

दुकानदाराने मला काचेजवळच्या पलंगावर मांडलं. गिऱ्हाईक यायचं, दाबून बघायचं, "वा!" म्हणायचं आणि सौदा पक्का करायचं. मी हवेत होते. मग एकदा मागच्या खोलीचं दार उघडं राहिलं. तिथे माझ्यासारख्याच निळ्या पट्ट्यांच्या गाद्यांची थप्पी होती. एकीची शिवण उसवली होती आणि आतून चिंध्या डोकावत होत्या. लोकांच्या घरी त्या जात होत्या. मी नुसतं आमिष होते. तेव्हापासून कोणी कौतुक केलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

एक दिवस एक बाबा लेकीबरोबर आले. उभा जन्म त्यांनी बस चालवली होती आणि आता कमरेचं ऑपरेशन झालं होतं. धड झोप मिळाली तरच कंबर सुधारणार होती. ते माझ्यावर पाठ टेकून हसले. लेकीने लगेच गादी घेतली. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण मला कुठलं तोंड!

काही आठवड्यांनी दोघं परत आले. बाबा पार वाकले होते.

"दादा, गादी मधोमध खचलीय. बाबांचा डोळ्याला डोळा लागत नाही," लेक म्हणाली.

"अहो ताई, नवी आहे. अंगाला बसायला वेळ लागतो."

बाबा माझ्यावर आडवे झाले आणि बघता बघता घोरू लागले. दुकानात एक नवं जोडपं गादी घ्यायला उभं होतं. ते बघतच राहिलं. दुकानदाराचा चेहरा उतरला. लेकीला बाजूला घेऊन तो कुजबुजला, "हीच घेऊन जा, फुकट. पण इथे बोभाटा नको."

लेक वडिलांकडे बघत राहिली. ती हो म्हणणारच होती. आणि मित्रांनो, लाज वाटते सांगायला, मला आनंद झाला. त्या जोडप्याच्या घरी चिंध्या जाणार, हे माझ्या मनातही आलं नाही.

पण बाबांना जाग आली होती. ते सावकाश उठून बसले आणि त्या जोडप्याकडे वळले.

"पोरांनो, ही गादी झकास आहे. पण तुमच्या घरी ही येणार नाही. जी येईल ती आधी उसवून बघा."

"मग आता हीसुद्धा मिळणार नाही!" दुकानदार कडाडला.

"राहू दे," बाबा म्हणाले.

जोडपंही त्यांच्यामागोमाग निघालं. त्यातल्या तरुणाने बाबांना पायरी उतरायला हात दिला. एका हाताने कंबर धरून ते हळूहळू गेले, आणि मी मऊ मऊ इथेच पडून राहिले.

मित्रांनो, गादी घ्यायला याल तेव्हा मला दाबत बसू नका. आधी दुकानदाराला विचारा, "घरी येणारी गादी आमच्यासमोर उघडून दाखवाल का?" तो हसत हो म्हणाला, तर खुशाल घ्या. आवंढा गिळायला लागला, तर आल्या पावली परत जा. मी कितीही छान दिसले तरी जा.