दोराचं दुसरं टोक

"एक लांब शिट्टी म्हणजे मशीन बंद. दोन छोट्या म्हणजे फांदी सोडा. कळलं ना काका?" श्रद्धा मॅडमनी विचारलं आणि नमुना म्हणून गळ्यातली शिट्टी तोंडात धरून फुंकली.

उत्तरेश्वरने त्यांचे गाल फुगलेले पाहिले. कठड्यावरची दोन कबुतरं उडालेली पाहिली. त्यावरून शिट्टी वाजली असणार हे त्याने ताडलं आणि मान डोलावली.

"कळलं की."

खराडीतल्या त्या आवारात चारी बाजूंनी काचेच्या इमारती होत्या आणि मधोमध एक चिंच. सात-आठ वर्षांपूर्वी इथे ज्वारी व्हायची. शेत गेलं, बांध गेला, बांधावरची चिंच तेवढी राहिली. कंपनीने तिच्याभोवती गोल कट्टा बांधला, दिवे सोडले, आणि आता तिच्या दोन मोठ्या फांद्या काचांना टेकायला लागल्यावर महापालिकेची रीतसर परवानगी काढून त्या उतरवायला माणसं बोलावली. पण नुसतं झाडावर चढता येऊन हल्ली भागत नाही. पिवळं कार्ड लागतं. मॅडम सुरक्षा अधिकारी होत्या. दिवसभर खाली उभं राहून त्या बघणार होत्या आणि संध्याकाळी कार्ड द्यायचं की नाही ते ठरवणार होत्या. मिळालं तर आवारातल्या सगळ्या झाडांवर उत्तरेश्वर चढणार. नाही मिळालं तर खाली उभं राहून फांद्या गोळा करणार.

वरून पडण्याची भीती त्याला कधी वाटली नव्हती. खाली राहण्याची मात्र धास्ती होती. जमिनीवर माणसं बोलतात. पाठीमागून बोलतात, तोंडात तंबाखू धरून बोलतात, मान वळवून बोलतात, आणि मग ओठ वाचता येत नाहीत. सकाळी बिबवेवाडीहून फांद्या कापायची मशीन पोत्यात गुंडाळून तो निघाला, तेव्हा स्वारगेटला बसमध्ये कंडक्टर त्या पोत्याकडे बघून काहीतरी म्हणाला आणि मागचे पाच-सात जण हसले. काय म्हणाला ते न कळून उत्तरेश्वरही हसला. मग खराडीपर्यंत सगळा वेळ खिडकीबाहेर बघत बसला.

कुऱ्हाड होती तोवर कान शाबूत होते. मशीन आली आणि कामं चौपट झाली. पुण्यात रस्ते रुंद होत होते, बंगल्यांच्या जागी इमारती उठत होत्या, आणि जिथे तिथे एखादं झाड आडवं येत होतं. पट्ट्याला लटकवलेली मशीन घेऊन तो चढायचा, कानात कापसाचे बोळे घालायचा, आणि बारा वर्षांत त्या मशीनने त्याचे दोन्ही कान खाल्ले. आधी उजवा, मग डावा. लेक ललिता बार्शीहून दर रविवारी मोबाईलवर फोन करते, तर हा आपलंच सगळं एका दमात सांगून टाकतो, जेवलो, बरा हाय, पोरांना संभाळ, आणि ती काही विचारायच्या आत ठेवून देतो. तिला वाटतं, आई गेल्यापासून बाप तुटक झाला.

खरं काय ते फक्त त्याच्या बायकोला, गोदाबाईला ठाऊक होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती मूठ तिने शेवटपर्यंत झाकून ठेवली.

एकोणीस वर्षं कामाचा दोर तिच्या हातात होता. चढणाऱ्याचा स्वतःचा दोर वेगळा. कामाचा दोर म्हणजे ज्यावरून हत्यार वर जातं, पाण्याची बाटली वर जाते, फांदी बांधून खाली येते. त्याचं एक टोक याच्या पट्ट्याला आणि दुसरं हिच्या मुठीत. हाका ऐकू येईनाशा झाल्या तसे दोघं त्या दोरावरच बोलायला लागले. एक हिसका म्हणजे थांब. दोन म्हणजे सोड. तीन म्हणजे उतर, भाकरी खाऊन घे. आणि वर मशीन फार वेळ गप्प राहिली की ती दोर सावकाश, लांबवर ओढायची, विहिरीतून भरली घागर ओढावी तसा. म्हणजे, हायेस न्हवं? मग हा वरून तसाच ओढायचा. हाय.

दोराने तळहात सोलून निघायचे म्हणून तिने आपल्या टोकाला हिरव्या पातळाची पट्टी गुंडाळली होती. गेल्या मार्गशीर्षात काविळीने ती आठ दिवसांत गेली. पट्टी दोरावर होती तशीच राहिली, आता मळून काळी झालेली.

तो दोर आज समाधानच्या हातात होता. समाधान वाशिमकडचा, चाळिशीचा, मुकादमाने कालच जोडून दिलेला. हात रेड्यासारखे आणि लक्ष चिंचांवर. पिकलेल्या चिंचा खिशात कोंबत तो उत्तरेश्वरचं ऐकत होता.

"त्या शिट्टीचं शिट्टीपाशी. तू आपला दोर वढायचा. थांबायचं आसंल तर एक हिसका. जोरात. आंग दुखंस्तवर."

"काहून? मॅडम शिट्टी वाजवतेच ना?"

"मला दोराची सवं हाय."

"हाव. तुम्ही म्हंता तसं." समाधानने दोर हातात घेतला. पट्टी बघून म्हणाला, "हे चिंधी काहाची? काढू?"

"ऱ्हाऊ दे," उत्तरेश्वर म्हणाला. जरा जास्तच जोरात म्हणाला असावा, कारण मॅडमनी वळून पाहिलं.

चढला आणि त्याला बरं वाटलं. नेहमी वाटायचं. चाळीस फुटांवर कोणी काही विचारत नाही. वरच्या फाट्याला त्याने जाड पट्टी गुंडाळली, कडीतून आपला दोर ओवला, वजन टाकून पाहिलं. मशीन मांडीशी लोंबत होती. तिची दोरी ओढली तशी ती थरथरली. मशीन चालू आहे हे त्याला आताशा हातातूनच कळायचं. पहिली फांदी त्याने शेंड्याकडून तुकड्यातुकड्याने उतरवली. एकेक तुकडा बांधायचा, कापायचा, समाधान तो सोडत न्यायचा. काचेला पान लागलं नाही. दुपारच्या सुट्टीत मॅडम जवळ येऊन म्हणाल्या, "मस्त काम करता हो तुम्ही." हे ओठ त्याला स्पष्ट वाचता आले. एवढं एक वाक्य ऐकल्यासारखं वाटून भाकरी गोड लागली.

दुसऱ्या फांदीचं बूड पायवाटेवर होतं. खाली पिवळी फीत बांधलेली, माणसं अडवलेली. हा शेवटचा ओंडका बांधायचा नव्हता, मोकळ्या जागेत सरळ सोडायचा होता. त्याने खालून खाच घेतली, मग वरून मशीन लावली. भुसा अंगावर उडायला लागला. पाऊण कापून झालं.

तेवढ्यात कमरेला असा हिसका बसला की पट्टा हाडात रुतला.

अंगठ्याने आपोआप खटका पाडला. इतक्या वर्षांची सवय. विचार करावा लागत नाही. मशीन बंद पडली. दोन बोटं जाडीच्या लाकडावर फांदी तशीच अडून राहिली. त्याने खाली पाहिलं. ओंडक्याच्या बरोबर खाली, कानात गाण्याच्या वायरी घातलेला एक तरुण मोबाईलमध्ये बघत सावकाश चालला होता. फितीखालून वाकून आला होता आणि वाकूनच पलीकडे गेला. आपल्या डोक्यावर काय होतं हे त्याला जन्मात कळणार नव्हतं.

मॅडमच्या तोंडात शिट्टी होती. चेहरा लाल झाला होता. समाधान दोराला लोंबकळून बसकण मारून बसला होता.

रस्ता पुन्हा नीट अडवून समाधानने दोन हिसके दिले. उत्तरेश्वरने ओंडका सोडला. तो नेमका जिथे सोडायचा तिथे पडला. मग तो उतरला, मशीन कट्ट्यावर ठेवली आणि पट्ट्यातला भुसा झटकत वाकून राहिला. समाधान त्याच्या खांद्यावरून मागे कुठेतरी बघत होता. फार वेळ बघत होता. उत्तरेश्वर वळला तेव्हा उशीर झाला होता.

मॅडम दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या.

"तीन वेळा हाक मारली, काका."

त्याने खाली मान घातली.

"आणि वर असताना पाच शिट्ट्या वाजवल्या मी."

"मशीनच्या आवाजात कोनाले आयकू येते, मॅडम?" समाधान मध्ये पडला.

"मशीन आता बंद आहे," त्या म्हणाल्या. मग उत्तरेश्वरच्या समोर येऊन, ओठ दिसतील अशा उभ्या राहिल्या. पोरगी हुशार होती. "कधीपासून?"

"झाली पाच-सा वर्सं."

"इतकी वर्षं कसं काय काम केलंत मग?"

उत्तरेश्वरने दोराकडे पाहिलं.

"मालकीण व्हती खाली," तो म्हणाला.

मॅडम रागावल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं. हातातल्या कागदावर त्यांनी काहीतरी लिहिलं. "कार्ड मी नाही देऊ शकत, काका. आज समाधानने ओढलं नसतं तर तो मुलगा गेला असता. हे तुम्हालाही माहितीये. तुमचं काम जाणार नाही, खाली ठेवायला सांगते मुकादमांना. पण झाडावर नाही."

"बरं," तो म्हणाला. खोटं काय होतं त्यात? तो तरुण, वाकून गेलेला, त्याच्याही डोळ्यांसमोरून हलत नव्हता. मॅडमवर चिडायला जागाच नव्हती, आणि कोणावर तरी चिडावं असं फार वाटत होतं.

"फाट्याची पट्टी ऱ्हायलीय वर," थोड्या वेळाने तो म्हणाला. "कडी बी. ह्याला तितं जमायचं न्हाई."

मॅडमनी वर बघितलं, मशीनकडे बघितलं. "मशीन न घेता जा. आणि सावकाश."

तो चढला. सवयीने कामाचा दोर पट्ट्याला अडकवलेला होता. वरच्या फाट्यावर पोचून त्याने जाड पट्टी सोडली, कडी खिशात टाकली, कमरेचा छोटा पट्टा बुंध्याभोवती घेतला. आता उतरायचं होतं. तो बसून राहिला.

ऑफिस सुटायची वेळ झाली होती. काचेच्या दारांतून माणसं बाहेर पडत होती, फाटकाबाहेर बसगाड्या लागल्या होत्या. जो तो बोलत होता. शेजारच्याशी बोलत होता, शेजारी कोणी नसला तर मोबाईलवर बोलत होता. शेकडो तोंडं हलत होती आणि उत्तरेश्वरपर्यंत काहीच येत नव्हतं. उद्यापासून तो त्यांच्यात असणार होता. कोणीतरी पाठीमागून काहीतरी म्हणेल, बाकीचे हसतील, आणि मग यालाही हसावं लागेल. आपण आता अगदी एकटे झालो, हे त्याला गोदा गेली त्या दिवशी कळलं नव्हतं इतकं स्वच्छ आज कळलं. त्या दिवशी निदान दोर उरला होता.

किती वेळ झाला कोण जाणे. या एवढ्या वेळात गोदाने नक्की दोर ओढला असता.

त्याचा हात पट्ट्याकडे गेला. त्याने दोर धरला आणि सावकाश, लांबवर ओढला.

दोर आला. समाधानने ढील दिली असेल असं त्याला वाटलं. त्याने पुन्हा ओढला. दोर पुन्हा आला, हलका, काहीच वजन नसल्यासारखा. वर मशीन नाही म्हटल्यावर दोर धरायचं कारणच नव्हतं; समाधान केव्हाच फांद्या ओढत फाटकाकडे गेला होता. उत्तरेश्वर ओढत राहिला. वेटोळी मांडीवर पडत गेली आणि शेवटी पानांमधून वर येत दोराचं दुसरं टोक त्याच्या हातात आलं.

पातळाची पट्टी अजून घट्ट होती. तिची गाठ तशीच होती. कडेला, दुमडीच्या आत, थोडा हिरवा रंग शिल्लक होता.

त्याने ती मुठीत धरली, जिथे गोदा धरायची तिथेच. खाली मॅडम मान वर करून उभ्या होत्या, त्यांचे ओठ हलत होते. बहुधा हाक मारत असाव्यात. त्याने दोराला सावकाश ताण दिला, एका हाताने दुसऱ्या हाताकडे.

"हाय," तो म्हणाला.