चारबोटी हातमोजे

नसत्या चौकशा करायची मला खोड आहे. आई म्हणते, दुसऱ्याच्या पिशवीत डोकावल्याशिवाय तुला अन्न पचत नाही.

म्हणूनच साहेबांनी बजावलं होतं, "पाचच्या आत सगळ्या पोरक्या ऑर्डरी उडव. उद्या नवीन सॉफ्टवेअर चालू होतंय. तुझं संशोधन नकोय!"

पोरकी म्हणजे खरेदीची ऑर्डर आहे, पण ती ज्या विभागानं काढली तो विभागच यादीत उरलेला नाही. आमच्या बाटल्यांच्या कारखान्यात अशा चारशे बारा निघाल्या. झाडू, खिळे, दोऱ्याची रिळं. मी निमूटपणे उडवत होते, तेवढ्यात ही दिसली: 'हातमोजे, डावे, चारबोटी, नग सहा.' दर सहा महिन्यांनी आपोआप निघणारी ऑर्डर, आठ महिन्यांपासून अडकलेली.

फक्त डावे? तेही चारबोटी? आता कसली मी गप्प बसतेय!

विभाग होता पॅकिंग दोन. तो पॅकिंग एकमध्ये मिसळला, तेव्हा यादीतून मीच पुसला होता. मी खाली स्टोअरमध्ये गेले. स्टोअरवाले काका चष्मा कपाळावर चढवत म्हणाले, "ते होय? मावशींचे. पट्ट्यावर बघ."

मावशी सरकत्या पट्ट्यावरून गरम बाटल्या उचलत होत्या. डाव्या हातात साधाच मोजा, पण एक बोट मुळाशी दोऱ्यानं घट्ट शिवून टाकलेलं. टाका उसवला होता आणि ते रिकामं बोट लोंबत होतं.

"हे पट्ट्यात अडकलं तर?" मी विचारलं.

"दोनदा अडकलंय. माझं बोट इथं कामाला लागायच्या आधीच गेलेलं, म्हणून तसले मोजे यायचे. मग बंद झाले. वाटलं, वरच्यांनीच केले. विचारायला गेले आणि पट्ट्यावरूनच काढलं तर? तू पण वर काही बोलू नकोस हं, पोरी."

वरचे म्हणजे कोण, हे मला चांगलंच ठाऊक होतं.

पाचला दहा कमी होते. पॅकिंग एकला जोडायचं तर तिथल्या मॅनेजरची मंजुरी लागली असती. मग मी ती ऑर्डर सरळ आमच्या कॉम्प्युटर विभागाला जोडली आणि बाकीच्या चारशे अकरा उडवल्या.

पुढच्याच आठवड्यात पुडकं आमच्या टेबलावर येऊन पडलं. माझ्याआधी साहेबांनीच ते फोडलं. एक मोजा हातात घालू लागले, तर करंगळीशेजारच्या बोटाला जागाच सापडेना.

"अगं, एक बोट कमी आहे! आणि आपल्याला कशाला हवेत हे? सगळा माल परत पाठव."

"माल बरोबर आहे, साहेब," मी पुडकं उचलत म्हटलं. "चूक माझी होती. खाली देऊन येते, मग सगळं सांगते."

साहेब हातातल्या मोज्याकडे बघत राहिले. मी दारापर्यंत पोचले, तेव्हा त्यांनी हाक मारली.

"थांब. सहा मोजलेस का? हा सहावा राहिला."